आकडा सहा अंकांनी घसरला, घाट मात्र तेवढ्याच वेळात चढला

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातले ४१ वर्षांचे सायकलस्वार, वजन ७३ किलो, आठवड्याला सात-आठ तास सायकलिंग. घड्याळावर फेब्रुवारीअखेर व्हीओटू मॅक्स (शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता) ५३ होता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो एकाएकी ५० झाला आणि एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात हळूहळू ४७ वर आला. एफटीपीचा, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणाऱ्या वॉटचा, अंदाजही २४८ वरून २३१ वर उतरला. सराव कमी केलेला नाही, आजारपण नाही. सिंहगडचा ठरलेला टप्पा (त्यांच्या नोंदीप्रमाणे सुमारे ९ किलोमीटर, ६०० मीटर चढ) फेब्रुवारीत ४१ मिनिटांत झाला होता, सरासरी २३५ वॉट, १६२ ठोके. ५ एप्रिलला वेळ तीच, ठोके १६३, पण वॉट २२३. सपाट रस्त्यावर १८० वॉटला पूर्वी १३८ ठोके पडत, आता १५२ पडतात. जाता जाता त्यांनी आणखी तीन गोष्टी लिहिल्या आहेत: छातीचा पट्टा बिघडल्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून ठोके मनगटावरून मोजले जातात, डाव्या क्रँकवरच्या (पेडलच्या दांड्यावरच्या), वॉट मोजणाऱ्या पॉवर मीटरची बॅटरी २२ मार्चला बदलली, आणि १४ एप्रिलला सोसायटीच्या शिबिरात रक्तदान केलं. माझी क्षमता खरंच एवढी कमी झाली का, असं ते विचारतात.

तुमच्या सगळ्या माहितीत मला घाटाची वेळ सर्वांत मोलाची वाटते. घड्याळ, मीटर, ॲप यांपैकी कुणाचाही त्या वेळेशी संबंध नाही. तेवढंच वजन, तेवढाच चढ, तेवढीच मिनिटं आणि ठोकेही जवळजवळ तेच. म्हणजे ५ एप्रिलपर्यंत तुमच्या शरीराची ताकद होती तिथेच होती. तरीही तोवर आकडा ५० झालेला होता. पहिले तीन अंक शरीराचे नव्हेत, मोजणाऱ्याचे आहेत. पुढचे तीन मात्र वेगळ्या कारणाचे असावेत, आणि त्यांत तुमच्या शरीराचा खरा वाटा आहे असं मला वाटतं. दोन्ही घसरणी एकाच आलेखात आल्यामुळे त्या एकच वाटतात. त्या वेगळ्या करूनच बघायला हव्यात.

आधी हा ५३ आकडा येतो कुठून ते पाहू. व्हीओटू मॅक्स म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं ते प्रमाण. प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून श्वासातली हवा प्रत्यक्ष मोजतात. घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही. त्याला वॉट आणि ठोके एवढ्या दोनच गोष्टी दिसतात. इतके वॉट काढताना हृदय कमाल ठोक्यांच्या किती टक्क्यांवर होतं हे पाहून, हृदय शंभर टक्क्यांवर गेलं तर किती वॉट निघतील याचा ते अंदाज करतं आणि त्या वॉटचं ऑक्सिजनमध्ये रूपांतर करतं. सायकलसाठी या रूपांतराचं एक जुनं, सर्वमान्य सूत्र आहे: वॉटला वजनाने भागा, १०.८ ने गुणा, ७ मिळवा. प्रत्येक कंपनीचं आतलं गणित वेगळं असेल, पण पाया असाच असतो. तुमच्या ७३ किलोला ५३ म्हणजे साधारण ३११ वॉट. हे वॉट ५ टक्क्यांनी कमी मोजले गेले तर उत्तर ५०.७ येतं. तुमच्या शरीरात काहीही न बदलता दोन-अडीच अंक गेले.

आकडा घसरला की मी सर्वांत आधी घसरणीचा आकार बघतो. एका राइडपासून पुढच्या राइडपर्यंत पायरीसारखा खाली आला आणि तिथेच थांबला, तर सेटिंग किंवा उपकरण. करवतीच्या दात्यांसारखा रोज वर-खाली होत असेल, तर बहुधा ठोक्यांचा सेन्सर. आठवडेच्या आठवडे उताराने खाली जात असेल, तर शरीर. हा नियम दरवेळी लागू पडेलच असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून कळतं. तुमच्या आलेखात मार्चमध्ये पायरी आहे आणि एप्रिलमध्ये उतार. पायरी बॅटरी बदलल्यानंतरच्या आठवड्यातली आहे. मनगटावरून ठोके मोजायला लागून तोवर तीन आठवडे झाले होते आणि त्या तीन आठवड्यांत आकडा ५३ वरच होता. म्हणून मनगटाच्या सेन्सरला मी या पायरीसाठी दोष देणार नाही.

आता मीटर खरंच कमी दाखवतोय का, ते घाटावरून ताडून पाहू. तुम्ही ७३ किलो आणि सायकल, बाटल्या, बूट, हेल्मेट मिळून ११ किलो धरले, तर एकूण ८४ किलो. ते ६०० मीटर वर न्यायला ८४ गुणिले ९.८१ गुणिले ६००, म्हणजे सुमारे ४ लाख ९४ हजार ज्यूल ऊर्जा लागते. ४१ मिनिटांचे २,४६० सेकंद होतात. भागाकार २०१ वॉट. हे फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम. टायरच्या घर्षणाचे पंधरा-वीस, घाटातल्या वेगाला हवेचे दहा-बारा आणि चेनमध्ये जाणारे पाच-सहा वॉट मिळवले की आपण २३५ च्या आसपास येतो. फेब्रुवारीत मीटर २३५ च दाखवत होता. टायर आणि हवेचे आकडे माझे अंदाज आहेत, त्यामुळे चार-पाच वॉट इकडे-तिकडे होतील. पण ८५ टक्के हिशोब वजन, उंची आणि घड्याळातल्या मिनिटांवर उभा आहे आणि त्यात मतभेदाला फारशी जागा नाही. सपाटीवर अशी पडताळणी जमत नाही, कारण तिथे वारा सगळा हिशोब बिघडवतो. म्हणून मी प्रत्येकाला एक घाट कायमचा ठरवून घ्यायला सांगतो.

तर १२ वॉट गेले कुठे? क्रँकवरचा मीटर धातूला येणारा सूक्ष्म बाक मोजतो. भार नसताना तो ‘शून्य’ कुठे धरतो यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. बॅटरी बदलली, सायकल एसीच्या खोलीतून उन्हात आणली, क्रँक काढून पुन्हा बसवला, की हे शून्य सरकू शकतं. ते पुन्हा बसवणं म्हणजेच झिरो ऑफसेट. तुम्ही बॅटरी बदलल्यावर ते केल्याचं लिहिलेलं नाही, आणि न केल्याची उदाहरणं मी इतकी पाहिली आहेत की माझा पहिला संशय तिथेच आहे.

ही चूक टक्क्यांत नसते, टॉर्कमध्ये, म्हणजे क्रँक फिरवणाऱ्या जोरात, असते. वॉट म्हणजे टॉर्क गुणिले पेडल फिरण्याचा वेग. शून्य १ न्यूटन-मीटरने सरकलं तर ९० केडन्सला (मिनिटाला पेडलचे ९० फेरे) ९.४ वॉटचा फरक पडतो. तुमचा मीटर फक्त डावा पाय मोजून आकडा दुप्पट करतो, म्हणून चूकही दुप्पट होते. घाटात तुमचा केडन्स ६५ च्या आसपास असेल असं धरलं, तर १२ वॉटच्या फरकामागे ०.८८ न्यूटन-मीटरचं सरकणं पुरतं. तेच सरकणं सपाटीवर ९० केडन्सला जवळपास १७ वॉट खातं. म्हणजे आता तुम्हाला दिसणारे १८० वॉट प्रत्यक्षात १९७ असावेत. मीटर पाच टक्के कमी दाखवतोय म्हणून सगळीकडे पाच टक्के वाढवून घेतो, असं केलं तर सपाटीवरचं उत्तर चुकेल.

आणखी एक शक्यता नजरेआड करू नका. एका बाजूच्या मीटरवर डाव्या पायाचा वाटा ५० टक्क्यांवरून ४८ वर आला, तरी दाखवलेले वॉट ४ टक्क्यांनी पडतात. मार्चमध्ये डावा गुडघा किंवा कंबर दुखत होती का? सीट वर-खाली केली, क्लीट (बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्ट्या) बदलल्या? तसं असेल तर झिरो ऑफसेट करूनही फरक उरेल, आणि मग आकडे सोडून सायकल फिटिंगकडे वळायला हवं. पेडलमधले मीटर वापरणाऱ्यांनी ॲपमध्ये क्रँकची लांबी तपासावी. १७० मिलिमीटरच्या क्रँकला १७५ लिहिलेलं असेल तर वॉट सरळ २.९ टक्क्यांनी फुगतात. फोन बदलल्यावर किंवा ॲप नव्याने टाकल्यावर ही लांबी मूळ आकड्यावर गेल्याचं मी पाहिलं आहे.

आता दुसरी घसरण. तुमच्याच आकड्यांवरून हृदयाचा उतार काढता येतो: १८० वॉटला १३८ ठोके, २३५ ला १६२, म्हणजे दर वॉटमागे ०.४४ ठोका. सपाटीवरच्या लपलेल्या १७ वॉटचे सात-साडेसात ठोके होतात. पण तुमचे ठोके चौदाने वाढले आहेत. निम्मे मीटरच्या खात्यावर गेले तरी सहा-सात ठोके उरतात, आणि ते १४ एप्रिलनंतरचे आहेत.

शिबिरात साधारण ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. तुमच्या वजनाच्या माणसात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं, म्हणजे सात ते नऊ टक्के गेलं. त्यातला पाण्याचा भाग, प्लाझ्मा, एक-दोन दिवसांत भरून येतो. तेवढ्यावर माणसाला बरं वाटतं, ऑफिसला जाता येतं, सायकलही चालवता येते. ऑक्सिजन वाहणाऱ्या लाल पेशी भरून यायला मात्र कित्येक आठवडे लागतात. तोवर प्रत्येक ठोक्यामागे ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि हृदय जास्त ठोके देऊन ती भरपाई करतं. घड्याळाला यातलं काही ठाऊक नाही. त्याला त्याच वॉटला जास्त ठोके दिसतात आणि ते म्हणतं की तुमची क्षमता घटली. या बाबतीत ते खोटं बोलत नाही. जोराच्या प्रयत्नात तुमची क्षमता सध्या खरोखरच थोडी कमी आहे, पण ती परत येणार आहे. महाराष्ट्रात शिवजयंतीपासून गणपतीपर्यंत शिबिरं चालूच असतात, आणि सायकलस्वार रक्तदानात नेहमी पुढे असतात याचा मला अभिमान आहे. कृपया आकड्यासाठी रक्तदान सोडू नका. पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवावंच लागतं. मोठ्या ब्रेव्हेच्या (लांब पल्ल्याच्या राइडच्या) किंवा शर्यतीच्या आधी दोन-अडीच महिने मोकळे राहतील अशी तारीख निवडा, एवढंच. शिबिरानंतरच्या दोन आठवड्यांत जोराचे इंटरव्हल करू नका आणि त्या काळात एफटीपीची चाचणी तर मुळीच नको.

उरलेला भाग उन्हाचा. एप्रिलअखेर पुण्यात सकाळी सहाला निघालेली राइड दहाला संपते, तेव्हा हवा आणि रस्ता दोन्ही बरेच तापलेले असतात. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने प्लाझ्मा कमी होतो आणि त्याच वॉटला ठोके चढत जातात. राइडचे दोन अर्धे भाग करा आणि प्रत्येकात वॉट भागिले ठोके काढा. दुसऱ्या भागातली घट पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर उष्णता किंवा पाणी कमी पडणं. दहा ते चौदा दिवस रोज थोडा वेळ उन्हात सायकल चालवली की शरीर प्लाझ्मा वाढवून जुळवून घेतं आणि आकडाही काही प्रमाणात आपोआप सुधारतो. घरात ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) पंख्याशिवाय चालवणाऱ्यांचं हेच दुखणं वर्षभर असतं.

मनगटाच्या सेन्सरला मी पायरीच्या दोषातून मोकळं केलं, पण नवा पट्टा घ्याच. हँडलवर मनगट वाकतं, रस्त्याचे हादरे बसतात, घामाने घड्याळ सरकतं, आणि हिरव्या प्रकाशातून रक्ताची लाट ओळखणारा सेन्सर मागे पडतो किंवा चुकतो. चूक दोन्ही बाजूंनी होते. ठोके कमी मोजले गेले तर तुमचा व्हीओटू मॅक्स उगीच वाढतो, आणि वाढलेल्या आकड्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. पट्टाही निर्दोष नसतो. कोरडा लावला तर पहिली पाच-दहा मिनिटं भलतेच ठोके दिसतात, म्हणून निघण्यापूर्वी इलेक्ट्रोड ओले करा. असा एखादा २०५ चा खोटा उंचवटा घड्याळाने तुमचे कमाल ठोके म्हणून धरला, तर पुढचे सगळे अंदाज हलतात. उलटही होतं. घड्याळ रीसेट झालं आणि त्याने वयाच्या सूत्राने कमाल ठोके धरले, तर ४१ व्या वर्षी २२० वजा वय म्हणजे १७९ येतात. तुमचे खरे १८८ असतील तर १५० ठोके म्हणजे ८० टक्क्यांऐवजी ८४ टक्के दिसतात आणि आकडा पडतो. कमाल ठोके नेहमी हाताने भरा, पट्टा लावून केलेल्या एखाद्या खऱ्या दमछाकीवरून. वजनही तसंच. स्मार्ट वजनकाट्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाचं ७८ किलो तुमच्या नावावर पडलं, तर वरच्या सूत्राने तुमचा ५३ तिथेच सुमारे ५० होतो.

इथे मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, कारण तुमचा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी कुणाचा तरी आलेख सध्या तसाच असेल. माझ्याकडे सराव करणाऱ्या एका छत्तीस वर्षांच्या शिक्षिकेचा आकडा चार महिने उताराने खाली येत होता. पायरी नव्हती, करवतही नव्हती. मी दोन महिने मीटर तपासत राहिलो, टायर बदलायला लावले, पट्टा बदलला. त्या सांगत होत्या की जिना चढतानाही धाप लागते, आणि मी ते शाळेच्या कामाच्या थकव्यावर ढकललं. शेवटी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांच्या उपचारांनी पुढच्या चार महिन्यांत त्या पूर्ववत झाल्या. ते दोन महिने मी वाया घालवले याचं मला आजही वाईट वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणून आता एखाद्या बाईंचा आकडा तीन आठवडे उताराने घसरला, तर मी रक्ततपासणी आधी सांगतो आणि मीटर नंतर बघतो. ताप, डेंगी किंवा चिकुनगुनियानंतर सकाळचे विश्रांतीचे ठोके दोन आठवडे नेहमीपेक्षा आठ-दहाने वर राहिले, ठोके अनियमित जाणवले, छातीत जड वाटलं, चक्कर आली, तर सायकल ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. रक्तदाबावर बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी सुरू झाली असेल तर ठोकेच खाली राहतात. तेव्हा ठोक्यांवर आधारलेला कोणताही अंदाज वापरू नका आणि आकड्यासाठी गोळी तर कधीच बंद करू नका.

ॲपमधल्या ‘फिटनेस’च्या आलेखाबद्दलही दोन वाक्यं, कारण तो याच काळात तुम्हाला उलटं काहीतरी सांगत असेल. बऱ्याच ॲपांत राइडचा ताण एफटीपीशी असलेल्या गुणोत्तराच्या वर्गाने मोजतात. तासभर १८० वॉट हे २४८ च्या एफटीपीला सुमारे ५३ गुण होतात, पण एफटीपी आपोआप २३१ झाला की त्याच राइडचे ६१. म्हणजे एका पडद्यावर तुम्ही कमकुवत झालात आणि दुसऱ्यावर जास्त मेहनती, तेही एकाच चुकीमुळे. एफटीपीचा आपोआप बदल सध्या बंद करा आणि फेब्रुवारीचा २४८ हाताने भरून ठेवा.

उद्या सकाळी एवढं करा. सायकल दहा-पंधरा मिनिटं बाहेर उभी करा, म्हणजे क्रँक हवेच्या तापमानाला येईल. डावा क्रँक सरळ खाली ठेवा, पेडलवर काहीही भार नको, आणि सायकल कॉम्प्युटरवरून झिरो ऑफसेट करा. येणारा आकडा वहीत लिहा आणि यापुढे प्रत्येक राइडआधी लिहीत जा. रोजचे आकडे जवळजवळ असतील आणि एखाद्या दिवशी मोठी उडी दिसली, तर बॅटरीचं झाकण, क्रँकचे स्क्रू, ओलावा बघा. काही पॉवर मीटर पाय थांबवल्यावर स्वतःच शून्य धरतात, पण मी त्यावर विसंबत नाही. लांबच्या राइडला नऊच्या चहाला थांबलात की तिथेही एकदा करा, कारण सहाचा क्रँक आणि नऊचा क्रँक यांच्या तापमानात फरक असतो.

मग येत्या रविवारी सिंहगड. जोर लावायचा नाही. १६२ ठोक्यांचं बंधन पाळा, पट्टा लावा, आणि वेळ, वॉट, त्या दिवशीचं वजन अशी नोंद करा. रक्तदानामुळे वेळ ४१ ऐवजी ४३ किंवा ४४ मिनिटं होईल असा माझा अंदाज आहे. त्याची काळजी करू नका. वर केलेल्या घाटाच्या हिशोबाने त्या वेळेचे वॉट काढा आणि मीटरशी ताडून पाहा. दोन्ही चार-पाच वॉटच्या आत जुळले तर मार्चची पायरी सुटली. जुळले नाहीत तर क्रँक सेवा केंद्रात दाखवा आणि तोवर मीटरचे वॉट कुठेही भरू नका. हाच घाट त्याच ठोक्यांवर जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा करा, पावसाने रस्ता निसरडा व्हायच्या आत. तोवर रक्तदानाला सात आठवडे झालेले असतील. वेळ ४१ च्या जवळ आली नसेल, तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या दोन तपासण्या करून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.